गोव्यात कामावर जाण्यासाठी सायकल निवडताना

गोव्याच्या गावांत पहाटे आणि संध्याकाळी पोंगा वाजवत पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची सायकल एकदा थांबून नीट पाहावी. लोखंडी सांगाडा, मागे भक्कम कॅरिअर, त्यावर बांधलेली मोठी टोपली, दोन्ही चाकांवर मडगार्ड, गिअर एकही नाही. त्या सायकलीवर शोभेसाठी काही बसवलेले नसते. जो भाग आहे तो त्याच्या रोजच्या फेरीला लागतो म्हणून आहे. आपण मात्र सायकल घ्यायला निघालो की आधी दुकानात जातो, रंग आणि जाड टायर पाहतो, आणि घरी आणल्यावर तिचा उपयोग शोधू लागतो. मीही पहिली सायकल अशीच घेतली होती. ती मला एक माप मोठी होती, तिच्या पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांवर दुसऱ्या पावसाळ्यात गंज चढला, आणि तिच्यावर मडगार्ड बसवायला जागाच नव्हती. त्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की गोव्यात रोजच्या वापराची सायकल निवडताना ती जुलैमधल्या एखाद्या ओल्या सकाळी कशी चालेल, याचा विचार सर्वांत आधी करावा. डिसेंबरात कोणतीही सायकल चांगलीच वाटते. व्यायामाचा लाभ सातत्यातून मिळतो, आणि जी सायकल मृगापासून चवथीपर्यंत भिंतीला टेकून उभी राहते ती हे सातत्य टिकू देत नाही.

आधी रस्ता मोजावा

दुकानात जाण्यापूर्वी घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचा रस्ता एकदा सायकलस्वाराच्या नजरेने पाहून यावा. स्कूटरवरून जाताना चढ जाणवत नाही, म्हणून शक्य असल्यास कोणाची तरी सायकल मागून घेऊन रविवारी सकाळी तो रस्ता प्रत्यक्ष पार करावा. अंतर किती, चढण कुठे सुरू होते आणि कुठे संपते, कोणत्या भागात बसगाड्या आणि ट्रक अगदी जवळून जातात, रंबलर (वेग कमी करायला रस्त्यावर घातलेले आडवे उंचवटे) कुठे आहेत, पावसात पाणी कुठे साचते, हे सर्व टिपून ठेवावे.

गोव्याची भूमी या बाबतीत दोन प्रकारांत विभागलेली आहे. नद्यांच्या काठाने आणि खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनींच्या, बांधांवरून जाणारे रस्ते बहुतेक सपाट असतात, तर त्यांच्या मधोमध जांभ्या दगडाचे सडे उभे असतात. पणजी ते रायबंदर हा सतराव्या शतकात बांधलेल्या पुलावरून मांडवीच्या काठाने जाणारा रस्ता, किंवा मडगावहून कोलव्याकडे जाणारा सुमारे ६ किलोमीटरचा रस्ता, हे पहिल्या प्रकारात मोडतात. म्हापशाहून पणजीला येणाऱ्याला मात्र गिरीनंतर पर्वरीच्या सड्यावर चढावेच लागते. मेरशीकडून बांबोळीला जाणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्याला, कुठ्ठाळीहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या कामगाराला, फर्मागुडीला शिकवायला जाणाऱ्या शिक्षकाला आणि पणजीतच आल्तिनोवर कचेरी असलेल्याला चढण टाळता येत नाही. परतीच्या वाटेवर हाच चढ उतार होतो, आणि तेव्हा गिअरइतकेच महत्त्व ब्रेकला येते.

गिअर घ्यावेत की नाहीत, या प्रश्नाचे उत्तर रस्त्याच्या या पाहणीतूनच मिळते, आणि ते थोड्या हिशेबाने समजून घेणे उपयोगी आहे. बिनगिअरच्या सायकलीला पुढे ४४ दात्यांचे चेनव्हील आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असेल, आणि चाकाचा घेर २.१ मीटर धरला, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे या सहज गतीने पाय फिरवल्यास ताशी साधारण १८ किलोमीटर वेग मिळतो, आणि सपाट रस्त्याला तो अगदी योग्य आहे. आता समजा, चढण १०० मीटरला ५ मीटर अशी आहे, आणि माणूस, सायकल व पिशवी मिळून वजन ९० किलो आहे. त्याच गिअरवर त्याच गतीने पाय फिरवायचे तर नुसते वर चढण्यासाठीच सुमारे २२५ वॅट शक्ती लागते, जी सराव नसलेल्या माणसाला फार वेळ देता येत नाही. पाय सावकाश फिरवले तर शक्ती कमी लागते हे खरे, पण प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर येणारा दाब तेवढाच मोठा राहतो. याउलट पुढे २८ आणि मागे २८ दाते असा हलका गिअर असल्यास एका फेऱ्यात सायकल २ मीटरच्या थोडी पुढे सरकते, वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास येतो, आणि त्याच चढणीला ९० वॅटच्या जवळपास शक्ती पुरते. एवढी शक्ती सामान्य प्रकृतीचा माणूस बराच वेळ देऊ शकतो.

म्हणून सायकलवर ‘२१ गिअर’ लिहिले आहे का, हे पाहण्यापेक्षा तिचा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हे विचारावे. पुढचे सर्वांत लहान चक्र आणि मागचे सर्वांत मोठे चक्र यांचे दाते जवळजवळ सारखे असले, तर गोव्यातल्या बहुतेक चढणी न उतरता चढता येतात. पुढे एकच चक्र आणि मागे सात किंवा आठ चक्रे अशी रचना मला रोजच्या वापरासाठी अधिक पसंत आहे, कारण तीत बिघडणारे भाग कमी असतात. मात्र तेव्हा मागचे मोठे चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचे असावे. ज्यांचा रस्ता पूर्ण सपाट आहे आणि अंतर ४-५ किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी गिअरवर पैसे खर्च करू नयेत. त्यांच्यासाठी पोदेराच्या जातीची साधी सायकल कमी किमतीची आणि अधिक टिकाऊ ठरते, आणि गावातला कोणताही सायकलवाला ती दुरुस्त करून देतो.

पाऊस, खारी हवा आणि तांबडी माती

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यात भर म्हणून समुद्राकडून येणाऱ्या हवेत मीठ असते, आणि रस्त्यावरच्या पाण्यात जांभ्याची बारीक, खरखरीत माती मिसळलेली असते. या तीन गोष्टी सायकलीची जेवढी झीज करतात तेवढी वापराने होत नाही.

सांगाडा लोखंडी असावा की ॲल्युमिनियमचा, हे ठरवताना मी किनारपट्टीच्या गावांत राहणाऱ्यांना ॲल्युमिनियम सुचवतो, कारण रंग उडाला तरी तो सांगाडा लोखंडासारखा गंजून पोखरला जात नाही. लोखंडी सांगाडाही वर्षानुवर्षे टिकतो, पण रंगाचा टवका उडाला की तो लगेच रंगवून घ्यावा लागतो. हे दोन धातू एकत्र आल्यावर होणारा एक दोष मात्र कमी लोकांना माहीत असतो. लोखंडी सांगाड्यात ॲल्युमिनियमची सीटची दांडी असली, तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंची परस्परांवर क्रिया होऊन दांडी आत घट्ट चिकटून बसते आणि पुढे ती कोणत्याही जोराने निघत नाही. सायकल घेतानाच ही दांडी बाहेर काढून तिला ग्रीस लावून घ्यावे, आणि दर पावसाळ्याच्या आधी व नंतर हे पुन्हा करावे.

पुढच्या सस्पेन्शनविषयी मी स्पष्टच लिहितो: रोज कामावर जाण्याच्या, मध्यम किमतीच्या सायकलीत ते घेऊ नये. स्वस्त सस्पेन्शन वजन वाढवते, चढणीवर पायांची ताकद खाते, आणि त्याच्या नळ्यांत तांबडी माती शिरली की ते काम करेनासे होते. खड्ड्यांचा त्रास कमी करण्याचे काम थोडा रुंद टायर अधिक चांगले करतो. ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा, फार खोल नक्षी नसलेला टायर गोव्याच्या रस्त्यांना उत्तम जमतो. त्याहून अरुंद टायर रंबलरवर हात दुखवतो, तर दोन इंच रुंदीचे, उंच गुठळ्यांचे टायर डांबरी रस्त्यावर घरघरत चालतात आणि तेवढ्याच श्रमात कमी अंतर कापतात. ज्यांच्या वाटेत खाणपट्ट्यातल्या डिचोली किंवा साखळीसारख्या भागातला कच्चा रस्ता आहे, त्यांनीच रुंद टायरचा विचार करावा. हवेचा दाब टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच ठेवावा, आणि पावसाळ्यात त्या मर्यादेच्या वरच्या टोकाला नेऊ नये, म्हणजे पकड चांगली राहते.

ब्रेकच्या बाबतीत निर्णय पावसाने घ्यावा. रिमवर दाबणारे ब्रेक सोपे आणि स्वस्त असतात; पण रिम ओली असताना चाकाचे पहिले काही फेरे पाणी पुसण्यातच जातात, आणि रबरात अडकलेली माती कानशीसारखी रिम घासत राहते. पर्वरी किंवा बांबोळी उतरून येणाऱ्यांनी म्हणून तारेने चालणारे डिस्क ब्रेक घ्यावेत. तेलावर चालणारे डिस्क ब्रेक आणखी चांगले असतात, मात्र त्यांची दुरुस्ती करणारा माणूस आपल्या गावात आहे का, याची आधी खात्री करावी. सपाट रस्त्यावर साधे ब्रेक पुरतात. त्यांची रबरे मे महिन्याच्या अखेरीस नवी बसवावीत. कोणता लीव्हर पुढच्या चाकाचा आहे, हे सायकल घेतानाच पाहून ठेवावे, आणि ओल्या उतारावर दोन्ही ब्रेक लवकर आणि हळूहळू दाबण्याची सवय लावावी.

मडगार्ड ही गोव्यात चैन समजू नये. हल्ली बऱ्याच गिअरच्या सायकली मडगार्ड आणि कॅरिअरशिवाय विकल्या जातात. ते नंतर बसवता येतात, पण त्यासाठी सांगाड्यावर आणि फोर्कवर, चाकाच्या आसाजवळ, स्क्रूची छिद्रे असावी लागतात आणि टायर व सांगाडा यांत पुरेशी फट लागते. ही छिद्रे नसलेली सायकल कितीही आवडली तरी घेऊ नये. मडगार्ड पूर्ण लांबीचे असावेत आणि पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबराची पट्टी असावी, नाहीतर तांबडे पाणी बुटांवर आणि चेनवर उडत राहते. तो डाग पांढऱ्या कपड्यावरून सहजासहजी निघत नाही, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. सामान पाठीवर घेण्यापेक्षा कॅरिअरच्या बाजूला अडकवलेल्या पिशवीत ठेवावे. इथल्या दमट हवेत पाठीवरच्या पिशवीखाली शर्ट चिंब होतो.

मापाची सायकल

सायकलीचे माप उंचीवरून सांगितले जाते, पण पायांची लांबी अधिक खरे माप देते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन्ही पायांमध्ये एक पुस्तक सीटप्रमाणे वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. या अंतराला ०.८८ ने गुणले असता पेडलच्या मधल्या आसापासून सीटच्या वरच्या भागापर्यंतचे अंतर साधारणपणे मिळते. पाय ७६ सेंटिमीटर असेल तर हे अंतर सुमारे ६७ सेंटिमीटर येते. हा आकडा सुरुवातीसाठी घ्यावा आणि मग सायकलवर बसून पाहावे: पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा आणि कंबर डावी-उजवीकडे हलता कामा नये. दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि गुडघेदुखीचे ते एक मोठे कारण आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकावा.

सायकलच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत निदान दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. हँडलपर्यंत पोहोचताना कोपर किंचित वाकलेले राहत असतील आणि मानेवर ताण येत नसेल, तर लांबीही योग्य आहे. एका कंपनीचे ‘मध्यम’ माप दुसऱ्या कंपनीच्या मध्यमाशी जुळेलच असे नाही, म्हणून माप केवळ लेबलावरून ठरवू नये. साडी नेसून कामावर जाणाऱ्या स्त्रियांसाठी, तसेच ज्यांना पाय उंच उचलून बसणे अवघड जाते अशा कोणासाठीही, खाली वाकवलेल्या दांडीची सायकल सोयीची असते. तिला पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला साडीगार्ड असल्याची खात्री करावी.

विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या सायकलीविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. मोटर २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेल्या सायकलीला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. लांब चढण, वाढलेले वय किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल तर ती अवश्य घ्यावी, कारण पेडल मारतच पुढे जायचे असल्यामुळे व्यायाम कमी होतो पण थांबत नाही. बॅटरी काढून घरात नेता येते का आणि वायरींच्या जोडण्या पावसापासून झाकलेल्या आहेत का, हे पाहावे.

व्यायाम म्हणून हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. कामाचे ठिकाण ६ किलोमीटरवर असेल तर एका बाजूला सुमारे २५ मिनिटे लागतात, आणि पाच दिवसांत २५० मिनिटे होतात. म्हणजे वेगळा वेळ न काढता हा व्यायाम पूर्ण होतो. मध्यम श्रम ओळखण्याची साधी खूण अशी की, सायकल चालवताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये.

पहिले दोन आठवडे मात्र आठवड्यातून दोन-तीन दिवसच जावे आणि शरीराला सवय होऊ द्यावी. जड गिअरवर रेटून चालवण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ७० ते ८० फेरे ठेवावेत. गुडघ्यांना त्रास होत नाही आणि दम टिकण्याची क्षमता याच रीतीने वाढते. कामाचे ठिकाण अगदी जवळ असणाऱ्यांनी येताना मुद्दाम लांबचा रस्ता धरावा. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन केलेली एक फेरी रविवारसाठी फार सुंदर आहे. मात्र धक्क्याच्या उतारावर शेवाळ असते, तिथे सायकलवरून उतरून चालावे. सायकलिंगमध्ये शरीराचे वजन हाडांवर फारसे पडत नाही, म्हणून हाडांच्या बळकटीसाठी चालणे आणि थोडा वजनाचा व्यायाम जोडीला ठेवावा. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. २०१९ पासून मिरामारला होणाऱ्या, पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी आयर्नमॅन स्पर्धेमुळे पुष्कळ तरुणांना शर्यतीची, खाली वाकून चालवायची सायकल घ्यावीशी वाटते. त्या स्पर्धेत ९० किलोमीटर सायकल चालवायची असते आणि तिथे ती सायकल योग्यच आहे, परंतु डब्याची पिशवी आणि रेनकोट घेऊन कचेरीत जाण्यासाठी ती बनवलेली नसते.

दुकानात

ठरवलेल्या रकमेचा चौथा-पाचवा हिस्सा सायकलीबाहेरच्या वस्तूंसाठी बाजूला ठेवावा: हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, घंटी, चांगले कुलूप, हवेचा पंप आणि गडद पिवळ्या रंगाचे पावसाळी जाकीट. खांद्यावरून टाकायचा झग्यासारखा रेनकोट घेऊ नये, कारण तो वाऱ्याने फुगून चाकात अडकू शकतो. पावसाळ्यात सकाळी नऊ वाजताही आभाळ काळवंडलेले असते, म्हणून दिवे दिवसाही लावावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पक्के बिल घ्यावे आणि सांगाड्यावरचा क्रमांक त्यावर लिहून घ्यावा.

पैसे देण्यापूर्वी सायकल चालवून पाहण्याचा आग्रह धरावा, आणि शक्यतो एखाद्या चढावर. सगळे गिअर वर-खाली बदलून पाहावेत, चाक उचलून फिरवावे आणि ते ब्रेकजवळ डावी-उजवीकडे डुलते का, ते बघावे. हँडल घट्ट आहे का, हे पुढचे चाक पायांत धरून पिळून पाहावे.

घरी आल्यावर पावसाळ्यातले काम रोजचे आहे, पण ते पाच मिनिटांचे आहे. साध्या पाण्याने माती धुवावी, जोराचा फवारा आसांवर मारू नये, फडक्याने चेन कोरडी करावी आणि ओल्या हवेसाठी मिळणारे दाट तेल प्रत्येक कडीवर थेंबभर सोडून वरचे पुसून घ्यावे. चेनच्या २४ कड्यांची लांबी नवी असताना बरोबर १२ इंच भरते. ती मोजपट्टीवर १२ इंच आणि वर इंचाचा सोळावा भाग एवढी झाली की चेन बदलावी, कारण आणखी वापरल्यास मागची चक्रेही तिच्याबरोबर झिजतात आणि ती बदलणे महाग पडते. नव्या सायकलीच्या तारा आणि स्पोक पहिल्या काही आठवड्यांत थोडे ढिले होतात. त्यामुळे महिनाभर वापरल्यावर ती एकदा दुकानात नेऊन ब्रेक, गिअर आणि चाके पुन्हा जुळवून घ्यावीत, आणि त्याच वेळी सीटच्या उंचीवर रंगाची एक बारीक खूण करून ठेवावी, म्हणजे दांडी ग्रीससाठी बाहेर काढल्यावर ती पुन्हा नेमक्या जागी बसवता येईल.